फ्रिजमधला बर्फ आणि फरशीवरचं पाणी : गॅस भरण्याआधी हे तपासा

लखनौच्या अलीगंजमध्ये मे महिना लागला की फ्रिजच्या दोन तक्रारी घरोघरी ऐकू येतात. फ्रीझरमध्ये इतका बर्फ धरतो की दार नीट लागत नाही, आणि भाजीच्या ट्रेखाली नाहीतर फ्रिजसमोर फरशीवर पाणी साठतं. सेक्टर ईमधल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात किंवा सेक्टर एचमधल्या केंद्रीय भवनात बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबांना याचा विशेष त्रास होतो. पुण्यात किंवा नाशकात जो फ्रिज वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला, तोच इथे पहिल्याच उन्हाळ्यात रुसतो. मग मिस्त्रीला बोलावलं जातं, तो दार उघडून पाहतो आणि म्हणतो, ‘गैस कम है, भरवानी पड़ेगी।’ नव्या शहरातला माणूस पैसे मोजतो आणि थोड्याच दिवसांत बर्फ पुन्हा धरतो.

म्हणून आधी मूळ गोष्ट समजून घ्या. फ्रिजमधला बर्फ म्हणजे बाहेरच्या हवेतून आत शिरलेली ओल. फरशीवरचं पाणी म्हणजे तोच बर्फ वितळल्यावर त्याला बाहेर जायला वाट न मिळाल्याचा परिणाम. त्यामुळे दोनच प्रश्न विचारायचे: ओल आत कुठून येते, आणि पाणी जायला हवं तिथून का जात नाही? घरगुती फ्रिजच्या बहुतेक तक्रारी या दोन प्रश्नांत सुटतात. ज्या सुटत नाहीत, त्यांत नेमका कोणता भाग बिघडलाय याचा अंदाज तुम्हाला आधीच आलेला असतो.

आधी आपला फ्रिज कोणता ते पाहा

एका दाराचा फ्रिज बहुधा ‘डायरेक्ट कूल’ असतो. त्यात वरच्या फ्रीझरच्या भिंतीच थंड होतात, त्यामुळे त्यांवर बर्फ धरणं हा बिघाड नव्हे, ती त्या फ्रिजची रीतच आहे. मात्र हा थर साधारण ६ मिलिमीटरच्या पुढे गेला की तो उतरवायलाच हवा. बर्फाचा जाड थर थंडी अडवतो, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि वीज जास्त जळते. थर्मोस्टॅटच्या गोल बटणाच्या मधोमध दाबायची जी छोटी कळ असते, ती बर्फ उतरवण्यासाठीच दिलेली असते.

दोन दारांचे बहुतेक फ्रिज ‘फ्रॉस्ट फ्री’ असतात. त्यांत थंडी देणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिकच्या पडद्याआड असते आणि एक छोटा पंखा ती थंड हवा वर-खाली फिरवतो. कॉइलवर बर्फ याही फ्रिजमध्ये धरतो, पण ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलखालचा हीटर काही मिनिटं तापतो, बर्फ वितळतो आणि पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं. कॉम्प्रेसरच्या उबेने ते तिथे वाळून जातं. हे काम निमूटपणे चालतं, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता नसतो. अशा फ्रिजमध्ये डोळ्यांना दिसेल इतका बर्फ साठला, तर काहीतरी बिनसलंय असं नक्की समजावं.

ओल येते कुठून

थंड पाण्याच्या तांब्याला पावसाळ्यात जसा घाम सुटतो, तसंच फ्रीझरच्या आत होतं. फक्त तिथला घाम तिथेच गोठतो. ३० अंश तापमानाची, ८० टक्के दमट हवा एका घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम वाफ बाळगते. उणे १८ अंशांना तेवढ्याच हवेत जेमतेम एक ग्रॅमच मावते. उरलेली सगळी भिंतींवर, कॉइलवर आणि मटारच्या पाकिटावर बर्फ होऊन बसते. दार उघडण्याच्या प्रत्येक वेळी हा हिशोब पुन्हा सुरू होतो.

अलीगंजची खास गोम इथेच आहे. मे महिन्यातली लू तशी कोरडी असते. ४२ अंशांच्या, १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरमागे ८-९ ग्रॅमच वाफ असते. पण आपण खिडकीत कूलर लावतो, खसच्या किंवा गवताच्या पडद्यांतून पाणी सोडतो, आणि खोलीतली आर्द्रता सहज ७० टक्क्यांवर नेतो. खोली ३० अंशांवर येते, पण तिच्यातली वाफ दुपटीहून जास्त होते. फ्रिज त्याच खोलीत किंवा कूलरच्या झोतात असेल, तर बाहेर लू चालू असतानाही तो पावसाळाच भोगत असतो. कोकणातल्या माणसाला पावसाळ्यात फ्रिज सांभाळायची सवय असते. इथे ती काळजी मेपासूनच घ्यावी लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये खरा पाऊस आल्यावर तीच पुढे चालू ठेवावी लागते. शक्य असेल तर फ्रिज कूलरच्या खोलीतून हलवा. जागा नसेल तर निदान कूलरचा झोत त्याच्यावर येऊ देऊ नका, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे ओली हवा खोलीत कोंडणार नाही.

ओल आत यायची दुसरी वाट आपल्या हातांनी उघडली जाते. ज्येष्ठातल्या बडा मंगलला अलीगंजच्या हनुमान मंदिरांभोवती भंडारे लागतात, घरोघरी सरबत आणि गार पाणी लागतं, आणि फ्रिजचं दार दिवसभर उघड-मीट होत राहतं. अशा दिवसांसाठी पाण्याला माठ किंवा वेगळी बर्फाची पेटी ठेवली तर फ्रिजचा भार बराच हलका होतो. वाफाळती डाळ, नुकतं तापवलेलं दूध, झाकण नसलेलं ताक आणि निथळती कोथिंबीर हेही ओल फ्रिजमध्ये आणून सोडतात. पदार्थ निववून, झाकून ठेवा. पालेभाजी धुतलीत तर फडक्यावर कोरडी करून मगच आत ठेवा.

दाराचं रबर: सगळ्यात स्वस्त तपासणी

तिसरी वाट म्हणजे दाराच्या कडेचं रबर, ज्याला मेकॅनिक गास्केट म्हणतात. त्याच्या आत लोहचुंबकाची पट्टी असते. दहा रुपयांची नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर धरून दार लावा आणि नोट हळूच ओढा. ओढताना हाताला अटकाव जाणवला पाहिजे. नोट सुळकन निघाली तर तिथून हवा आत जाते. चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीकडच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात ही परीक्षा घ्या. संध्याकाळी दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च चालू करून आत ठेवला आणि दार लावलं, तर फट असलेल्या जागी उजेडाची रेघ दिसते.

रबर लगेच बदलू नका. आधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका, आणि मऊ दातांच्या जुन्या ब्रशने रबराच्या घड्या उकलून साफ करा. तिथे दुधाचा चिकटा, साखर आणि काळी बुरशी साठलेली असते. नुसती ती निघाली तरी रबर पुन्हा चिकटू लागतं. दबून चपटं झालं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं काही मिनिटं त्यावर धरा आणि बोटांनी हळूहळू आकारात आणा. रबराला चीर गेली असेल किंवा ते कडक होऊन तुटत असेल, तर मात्र मॉडेलचा क्रमांक सांगून नवीन घ्या.

रबर ठीक असूनही दार अर्धवट राहत असेल, तर पाये पाहा. पुढचे पाये मागच्यांपेक्षा किंचित उंच हवेत, म्हणजे अर्धवट सोडलेलं दार आपोआप मिटतं. भाड्याच्या घरात फरशीला उतार असेल तर हे हमखास चुकतं.

बर्फ कुठे आहे, ते काय सांगतो

बर्फ खरवडण्याआधी त्याच्याकडे नीट पाहा, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मिस्त्रीला दाखवायला तो कामी येतो. बर्फाची जागा बिघाडाची जागा दाखवते.

दाराच्या कडेला किंवा एका कोपऱ्याजवळ भुसभुशीत बर्फ असेल, तर हवा दारातून शिरते आहे. रबर आणि पाये तपासा.

पाकिटांवर आणि डब्यांवर पांढरी धूळ बसल्यासारखा बर्फ असेल, तर दार फार वेळ उघडं राहतंय किंवा गरम, उघडे पदार्थ ठेवले जातायत.

फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये फ्रीझरच्या तळाशी काचेसारखा घट्ट, गुळगुळीत थर असेल, तर वितळलेलं पाणी खाली जाण्याची नळी तुंबलेली आहे. हेच पाणी पुढे हवेच्या मार्गातून खालच्या कप्प्यात ठिबकतं.

फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये फ्रीझरच्या मागच्या पडद्यावर बर्फाची जाड चादर, पंख्याचा घरघर किंवा खरखर आवाज, आणि खालच्या कप्प्यातलं दूध लवकर नासू लागलं असेल, तर बर्फ वितळवण्याची आपोआप चालणारी व्यवस्था बंद पडली आहे. टायमर, हीटर, बर्फाचं तापमान ओळखणारा सेन्सर किंवा जळून तुटणारा फ्यूज यांपैकी काहीतरी गेलेलं असतं.

एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या एकाच टोकाला जाड बर्फ, बाकीच्या भिंती नुसत्या गारगार, आणि कॉम्प्रेसर न थांबता चालू असेल, तर मात्र गॅस कमी झाल्याची किंवा बारीक नळी चोंदल्याची शंका रास्त आहे. सर्व भिंतींवर सारख्या जाडीचा बर्फ असताना ‘गॅस कमी’ म्हणणाऱ्याला त्याचं कारण नक्की विचारा.

बर्फ उतरवायची पद्धत

सगळ्यात आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून थांबू नका. हात आणि पायांखालची फरशी कोरडी असू द्या. सामान बाहेर काढून गोणपाटात किंवा जाड चादरीत गुंडाळा. दूध, मासे, मटण बर्फाच्या पेटीत ठेवा. दोन्ही दारं उघडी ठेवा, फ्रीझरच्या तळाशी टॉवेल अंथरा, पुढे ताट ठेवा. घाई असेल तर गरम (उकळतं नव्हे) पाण्याचं पातेलं जाड फडक्यावर आत ठेवा आणि दर दहा मिनिटांनी बदला. टेबल फॅनचा वाराही चांगला काम करतो. फॅन मात्र बाहेर कोरड्या जागी ठेवा, त्याची वायर पाण्यापासून दूर राहू द्या.

सुरी, पेचकस, उलथनं यांनी बर्फ कधीही खरवडू नका. एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या भिंतीत ॲल्युमिनियमचीच नळी असते आणि एका टोच्याने ती फुटते. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर ६०० ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. फुसफुस आवाज आला तर त्या क्षणी कोणतंही बटण चालू-बंद करू नका, काडी ओढू नका, खिडक्या उघडा आणि सगळ्यांना बाहेर न्या. हेअर ड्रायरही वापरू नका; ओल्या फ्रिजमध्ये विजेचं उपकरण हातात घेणं जिवावर बेतू शकतं.

फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये पडद्याआडचा बर्फ पूर्ण उतरायला एक दिवसही लागतो. तो पूर्ण उतरला की फ्रिज पुन्हा सुरू करा आणि नीट लक्ष ठेवा. काही दिवस झकास चालून पुन्हा बर्फ धरला, तर गॅस ठीक आहे आणि दोष बर्फ वितळवणाऱ्या व्यवस्थेत आहे, असं समजायला हरकत नाही. बर्फ उतरवूनही थंडी आलीच नाही, तर पंखा, गॅस किंवा कॉम्प्रेसर पाहावा लागेल. या एका चाचणीने पुढचा पुष्कळ खर्च वाचतो.

पाणी कुठून गळतं

पाणी दिसलं की ते पुसून विसरू नका. आधी ते कुठे आहे ते पाहा.

भाजीच्या ट्रेखाली असेल, तर मागच्या भिंतीतलं सांडपाण्याचं भोक तुंबलंय. बऱ्याच फ्रिजमध्ये मागच्या भिंतीच्या तळाशी एक छोटी पन्हळ आणि तिच्या मध्यावर बोटाच्या टोकाएवढं भोक असतं. तिथे काय सापडतं हे एकदा पाहिलं की लक्षात राहतं: कोथिंबिरीचं काळं पडलेलं पान, लसणाचं फोल, सायीचा कण, प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा शेवाळी चिकटा. प्लग काढून ही घाण कापसाच्या काडीने हलकेच वर ओढा, आत ढकलू नका. मग सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने कोमट पाणी थोडं थोडं सोडा. पाणी मागच्या ट्रेमध्ये पडल्याचा आवाज आला की वाट मोकळी झाली. तार घालू नका, नळीला भोक पडतं. शेवटी कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवून सोडलात तर वासही जातो.

एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरखाली दूध-मटण ठेवायचा जो ट्रे असतो, तो बर्फाचं पाणी झेलण्यासाठीही असतो. तो मागपर्यंत नीट सरकवला नसेल किंवा त्याच्यात पातेली दाटीवाटीने ठेवली असतील, तर पाणी मागे न जाता भाज्यांवर पडतं. ज्या मॉडेलमध्ये हा ट्रे हातानेच रिकामा करायचा असतो, तिथे बर्फ उतरवल्यानंतर तो लगेच रिकामा करा.

पाणी फ्रिजच्या मागून येत असेल, तर कॉम्प्रेसरवरचा ट्रे तडकलाय किंवा नळी त्याच्यावरून सरकलीय. प्लग काढून फ्रिज पुढे ओढा आणि पाहा. हा ट्रे साफ ठेवायला आणखी एक मोठं कारण आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास कूलरच्या टाकीइतकाच फ्रिजच्या मागच्या ट्रेमधल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आठवड्यातून एकदा ट्रे आणि कूलर दोन्ही रिकामे करून घासून कोरडे करा. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर यात टाळाटाळ नको.

दाराच्या बाहेरच्या कडेला किंवा दोन दारांच्या मधल्या पट्टीवर दव धरून ते खाली ओघळत असेल, तर ती गळती नव्हे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे घडतं. फ्रिज भिंतीला चिकटला असेल तर थोडा पुढे ओढा, बटण फार थंडावर असेल तर एक घर कमी करा.

इथली हवा, इथली वीज

फ्रिजच्या आत किंवा पाठीवर चिकटवलेल्या नामपट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘एन’ म्हणजे भोवतालचं १६ ते ३२ अंश, ‘एसटी’ म्हणजे १६ ते ३८, ‘टी’ म्हणजे १६ ते ४३ अंश. लखनौचा उन्हाळा ४३ च्याही वर जातो आणि जानेवारीच्या धुक्यातल्या रात्री पारा एक अंकी होतो, म्हणजे दोन्ही टोकांना फ्रिज आपल्या मर्यादेबाहेर काम करतो. इथे नवा फ्रिज घेताना ‘टी’ वर्ग पाहूनच घ्या. उन्हाळ्यात मागे आणि बाजूंना कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा ठेवा, गच्चीखालच्या तापलेल्या भिंतीला फ्रिज टेकवू नका. हिवाळ्यात बटण कमी करा. खालच्या कप्प्यात ३ ते ५ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंश पुरेसे आहेत. साधा फ्रिज थर्मामीटर आत ठेवला तर अंदाजावर चालावं लागत नाही.

वीज गेली की दार उघडू नका. बंद दारात खालचा कप्पा सुमारे ४ तास, भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास तग धरतो. वारंवार वीज जात असेल तर बर्फ थोडा वितळतो, पुन्हा गोठतो, आणि भोकाच्या तोंडाशीच गोळा होऊन बसतो. मग बिघाड नसतानाही पाणी गळतं. वीज आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून फ्रिज सुरू करा, किंवा उशिरा वीज सोडणारा स्टॅबिलायझर लावा. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून दोन पिनांवर फ्रिज चालवू नका. फरशीवर पाणी असताना हीच पिन तुमचा जीव वाचवते.

मिस्त्रीला बोलावल्यावर

रबर, पाये, भोक आणि ट्रे तपासूनही तक्रार राहिली तर जाणकाराला बोलावा. त्याला ‘फ्रिज खराब है’ एवढंच सांगू नका. बर्फ कुठे होता, पूर्ण उतरवल्यावर किती दिवस नीट चालला, पंखा फिरतो का, कॉम्प्रेसर थांबतो का, हे सांगा आणि फोटो दाखवा. दोन दारांच्या फ्रिजमध्ये टायमर, हीटर आणि सेन्सर मीटर लावून तपासायला सांगा.

गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणारच. काम करायचंच असेल तर गळती बंद करणं, फिल्टर बदलणं, नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढणं आणि नामपट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच, त्याच प्रकारचा गॅस वजन करून भरणं, असा क्रम असतो. आर ६०० एच्या फ्रिजमध्ये दुसरा गॅस भरू देऊ नका. या वायूचं काम घरात पेटत्या शेगडीजवळ करू देऊ नका. बदललेला जुना भाग मागून घ्या, कामाचं बिल आणि हमी लिहून घ्या. फसवणूक झाल्यासारखं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

महिन्यातून एकदा

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्लग काढून तीन जागा पाहा: दाराचं रबर, पाण्याचं भोक आणि मागचा ट्रे. ओल शिरते ती पहिल्या जागेतून, बाहेर पडते ती दुसरीतून, आणि वाळते तिसरीत. कूलर लावण्याच्या आधी एप्रिलमध्ये आणि पाऊस सुरू होताना जूनअखेरीस ही तपासणी जरा निगुतीने करा, कारण अलीगंजमध्ये फ्रिजवर सगळ्यात जास्त ताण या दोन वेळांनंतरच येतो. तेवढी शिस्त पाळली तर दूध नासणार नाही, फरशीवर कुणी घसरून पडणार नाही, आणि गॅस भरायचा खर्च खरोखर गरज असेल तेव्हाच होईल.